हस्ताक्षरी वळणाचा स्क्रिप्ट फाँट : देखणा आहे, पण वापरायचा कुठे आणि किती?

रानजाई
मंडळी, एका चित्रप्रदर्शनाच्या पुस्तिकेचं काम अंगावर घेतलंय. विषय वनस्पतींची जलरंगातली चित्रं. मजकूर सगळा इंग्रजीत, झाडांची नावं अर्थातच लॅटिन. मी पेशाने डिझायनर नाही, पण आमच्या गटात संगणकावर पान लावता येतं ते मला एकटीलाच, त्यामुळे माळ माझ्या गळ्यात.

चित्रं इतकी नाजूक आहेत की शेजारी साधा फाँट ठेवला की पान कोरडं दिसतं. म्हणून कॉपरप्लेट वळणाचा, म्हणजे जुन्या तलम, तिरक्या इंग्रजी हस्ताक्षरासारखा, ग्रेट व्हाइब्स नावाचा फाँट घेतला. मुखपृष्ठावर अप्रतिम दिसतोय. हुरूप येऊन आतली चित्रांची नावं, वर्णनं, चित्रकारांचा परिचय, सगळं त्यातच लावून पाहिलं. आता पानं बघताना काहीतरी खटकतंय, पण काय ते सांगता येत नाहीये.

असा फाँट कुठे शोभतो आणि कुठे नाही? जोडीला दुसरा कुठला घ्यावा? छापताना काही भानगडी असतात का? आणि भिंतीवर मोठं शीर्षक विनाइलमध्ये, म्हणजे चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या पातळ पत्र्यात, कापून लावायचंय, तेही याच फाँटमध्ये.

पळपुटा पेंटर
सगळी पुस्तिका निमंत्रणपत्रिका दिसतेय. हेच खटकतंय.

टाकबोरू
पेंटरबुवांनी एका ओळीत निकाल लावला, पण कारणही सांगायला हवं.

या फाँटांत लहान अक्षरांचं पोट, म्हणजे ए, सी, ई, ओ यांची उंची, फार कमी असते आणि वरखालचे फाटे लांबच लांब. पॉइंट साइजमध्ये हे फाटेही बसवावे लागतात. त्यामुळे १२ पॉइंट लावलेत तरी डोळ्याला मिळणारं अक्षर साध्या फाँटापेक्षा कितीतरी बारीक. मग वाचता यावं म्हणून आकार वाढवायचा, की वरच्या ओळीची शेपटी खालच्या ओळीच्या डोक्यात घुसते. म्हणून ओळींमधलं अंतर वाढवायचं, की पान विरळ होतं. हे शुक्लकाष्ठ परिच्छेदाच्या मागे लागतं, शीर्षकाच्या नाही, कारण शीर्षक एका ओळीत संपतं.

माझा नियम साधा: एका पानावर चार-पाच शब्दांपलीकडे स्क्रिप्ट नको. मुखपृष्ठ, विभागाचं नाव, फार तर शेवटी आभाराचा एक शब्द. बाकी सगळीकडे शांत सेरिफ, म्हणजे अक्षरांच्या टोकांना बारीक आडव्या रेघा असलेला पुस्तकी फाँट.

चिमणचारा
टाकबोरू, नियम जरा जास्तच कडक झाला. प्रशस्तिपत्रकावर नाव आणि त्याखालचं अख्खं वाक्य स्क्रिप्टमध्ये असतं आणि छान दिसतं. अत्तराच्या बाटलीवरचं लेबल, दागिन्यांच्या डबीचं झाकण, कवितेच्या दोन ओळी, इथेही चालतो. शब्द मोजण्यापेक्षा वाचणारा किती वेळ थांबणार आहे ते बघावं. प्रशस्तिपत्रक लोक एकदा वाचतात आणि मग नुसतं बघतात. चित्राखालचं वर्णन मात्र माहितीसाठी वाचलं जातं, तेही मान वाकडी करून, गर्दीत, चष्मा विसरून.

टाकबोरू
वेळेचा मुद्दा मान्य. चार-पाचचा आकडा तरीही सोडणार नाही, कारण नवशिक्याला आकडा दिला नाही तर तो पान भरतो.

उभीरेघ
रानजाई, तुमच्या यादीत जॅस्मिनम आहे का? असेल तर ते नाव स्क्रिप्टमध्ये लावून दोन हात लांबून बघा. एम, आय, एन, यू, एम ओळीने येतात. तीन अधिक एक अधिक दोन अधिक दोन अधिक तीन, म्हणजे ११ सारख्या उभ्या रेघा, सगळ्या एकाच कलाने आणि एकाच अंतराने. शब्द संपून कुंपण सुरू होतं. आयवरचा ठिपका नसता तर कुठे काय आहे तेही कळलं नसतं.

दुसरी गंमत क्वेर्कसची, म्हणजे ओकची. जुन्या वळणात कॅपिटल क्यू चक्क २ सारखा काढतात आणि काही स्क्रिप्ट फाँटांत तो तसाच उतरलाय. कॅपिटल आय आणि जे, टी आणि एफ यांच्यातही गफलत होते. ओळखीच्या इंग्रजी शब्दात मेंदू भर घालतो, सॅमला टॅम वाचत नाही. लॅटिन नाव वाचणाऱ्याने आयुष्यात प्रथमच पाहिलेलं असतं, तो अक्षर न् अक्षर लावून वाचतो. त्यामुळे निदान वनस्पतींच्या नावांना तरी हा फाँट अजिबात नको.

हिरवा चाफा
वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणून बोलते. ही नावं कशी छापायची याचे संकेत ठरलेले आहेत. प्रजातीचं (जीनस) पहिलं अक्षर कॅपिटल, जातीचं (स्पीशीज) नाव लहान अक्षरात, दोन्ही इटॅलिक, म्हणजे तिरकी. 'व्हर.', 'एसपी.' अशी संक्षिप्त रूपं मात्र सरळ अक्षरात. नावापुढे एल. असतं, म्हणजे नाव देणारा लिनेयस, तेही सरळच. संकर असेल, उदाहरणार्थ रोझा डॅमॅसेना, तर दोन नावांच्या मध्ये गुणाकाराचं चिन्ह येतं. ते एक्स अक्षर नव्हे. आता सगळंच स्क्रिप्टमध्ये लावलंत तर इटॅलिक कुठलं आणि सरळ कुठलं हा फरकच पुसला जातो. बघणाऱ्यांत एखादा जरी वनस्पतितज्ज्ञ असला तरी पुस्तिका बाजूला ठेवेल.

टाकबोरू
चाफाताई, जोडीला कुठला फाँट या प्रश्नाचं उत्तर तुम्ही नकळत देऊन टाकलंत. इटॅलिक हे मुळात हस्ताक्षरच आहे. १५०१ साली व्हेनिसमध्ये आल्दुस मानुत्सिओ या प्रकाशकाने रोमन कवी व्हर्जिलच्या कवितांचं खिशात मावेल असं पुस्तक काढलं ते याच तिरक्या अक्षरात. फ्रान्चेस्को ग्रिफोने तेव्हाच्या विद्वानांच्या भरभर लिहिण्याच्या वळणावरून ते छपाईचे खिळे कोरले. म्हणजे रानजाईंना हवा असलेला हाताचा स्पर्श गॅरामाँडसारख्या जुन्या सेरिफच्या इटॅलिकमध्ये आयताच आहे, आणि तो वाचताही येतो.

तेव्हा मुखपृष्ठ स्क्रिप्ट, नावं गॅरामाँड इटॅलिक, वर्णन त्याचंच सरळ अक्षर.

पळपुटा पेंटर
पुस्तिका वाचली, आमच्या व्यवसायावर गदा आली.

शाईचा डाग
मी थोडी कॅलिग्राफी करतो, त्यामुळे माझं मत तिखट लागेल, हलके घ्या. स्क्रिप्ट फाँट म्हणजे हस्ताक्षराचं सोंग. खऱ्या हाताने लिहिलेल्या शब्दात दोन एल कधी सारखे नसतात. फाँटमध्ये दोन्ही एकाच साच्यातले, आणि डोळा ते लगेच पकडतो. मुखपृष्ठावर तीन शब्द असतील तर टोकदार निब आणि शाई घ्या, पन्नास वेळा लिहा, चांगला उतरलेला स्कॅन करा. कोकाकोलाचं नाव फाँट नाही. १८८०च्या दशकात त्यांच्याच हिशेबनिसाने, फ्रँक रॉबिन्सनने, स्पेन्सेरियन या तेव्हाच्या अमेरिकी हस्ताक्षराच्या वळणात लिहिलेलं ते अक्षर आहे.

कर्निंगकर
आणि आदल्या रात्री प्रदर्शनाचं नाव बदललं की पुन्हा पन्नास वेळा लिहा!

मुद्दा अर्धा खरा आहे. दोन एल सारखे हे जुन्या किंवा फुकट घाईत बनवलेल्या फाँटांत होतं. ओपनटाइप हा फाँट-फाइलचा नवा प्रकार आल्यापासून एकाच अक्षराची अनेक रूपं फाँटच्या पोटात ठेवता येतात आणि शेजारी कोण आहे ते बघून आपोआप बदलता येतात. या सोयीला कंटेक्श्चुअल ऑल्टरनेट्स म्हणतात. जोडणीचाही प्रश्न तिथेच सुटतो. इंग्रजी कर्सिव्हमध्ये बहुतेक अक्षरं खाली, बेसलाइनजवळ संपतात, पण बी, ओ, व्ही, डब्ल्यू वर संपतात. त्यांच्या पुढच्या अक्षराला वरून सुरुवात करावी लागते. म्हणून ओ नंतरचा आर आणि ए नंतरचा आर वेगळे हवेत. चांगल्या फाँटमध्ये ते वेगळे असतात.

झापफिनो हा फाँट बघा. जर्मन अक्षरकार हर्मन झाप्फने १९४४ साली वहीच्या पानावर लिहिलेलं वळण, तेव्हाच्या धातूच्या खिळ्यांत मावण्यासारखं नव्हतं. फाँट म्हणून ते लिनोटाइप कंपनीकडून आलं १९९८ साली, आणि एकेका अक्षराची अनेक रूपं घेऊन.

खिळेजुळारी
धातूत मावत नव्हतं हे सरसकट नको. रोजर एक्सकोफोंचा मिस्त्राल हा फाँट १९५३चा, मार्सेलच्या ओलिव्ह या खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीचा, धातूच्याच खिळ्यांचा. स्वतःच्या हस्ताक्षरावरून केला आणि अक्षरं अशी कापली की कुठलंही कुठल्याहीपुढे ठेवा, जोड बसतोच.

पण कॉपरप्लेटचं दुखणं वेगळं होतं. खिळ्याचं अंग चौकोनी, अक्षर भरपूर तिरकं. तिरक्या अक्षराचं डोकं शेजारच्याच्या हद्दीत जातं, म्हणून बाहेर लोंबणारा तो भाग आधाराविना राहतो आणि दाबाखाली तुटतो. फ्रेंच खिळेकार फर्मिन दीदोने त्यासाठी अंगच तिरकं असलेले खिळे काढले होते. फोटोटाइपसेटिंग, म्हणजे खिळ्यांऐवजी फोटोच्या तंत्राने अक्षरजुळणी, आल्यावर अंगाचीच कटकट संपली. मॅथ्यू कार्टरचा स्नेल राउंडहँड १९६०च्या दशकातला, त्याच तंत्रासाठी केलेला. चार्ल्स स्नेल या जुन्या इंग्रज लेखनशिक्षकाचं वळण त्याने उचललं.

शाईचा डाग
खिळेजुळारी, मिस्त्रालचा दाखला आवडला. तरी माझा मुद्दा राहतोच: एक्सकोफोंने आधी हाताने लिहिलं!

ऑफसेटवाला
छपाईच्या भानगडी विचारल्यात, त्या कुणीच सांगितल्या नाहीत. मी सांगतो, रोज झेलतो.

कॉपरप्लेट हे नावाप्रमाणे तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं वळण. जॉर्ज बिकमसारख्या १८व्या शतकातल्या कोरक्यांनी टोकदार हत्याराने केसासारखी रेघ काढली, आणि ती कोरलेल्या खाचेतल्या शाईतून कागदावर उतरायची. ते अक्षर बघून आज फाँट बनतो आणि आपण तो ऑफसेटवर, नाहीतर ऑफिसच्या लेझर प्रिंटरवर काढतो. केसरेघ टिकणार कशी? अक्षराचा आकार निम्मा केलात की रेघेची जाडीही निम्मी होते, हे लोक विसरतात. पडद्यावर मोठं करून बघतात आणि खूष होतात.

सगळ्यात वाईट अवस्था गडद रंगावर पांढरं स्क्रिप्ट. शाई चारी बाजूंनी थोडी पसरते आणि पांढरी केसरेघ गिळून टाकते. त्यात तो गडद रंग चार शायांचा असेल आणि एक प्लेट केसभर सरकली, तर रेघेला रंगीत कड येते. गडद मुखपृष्ठ हवंच असेल तर एका शाईचा गडद घ्या, किंवा थोडा जाड फाँट घ्या. क्युन्स्टलर स्क्रिप्टसारख्या काहींना ठळक वजन आहे. सोनेरी फॉइल करणार असाल तर किती बारीक रेघ धरते ते फॉइलवाल्याला आधी विचारा, आणि त्याच्याकडे त्याच आकारात नमुना मारून घ्या. बारीक रेघ उचलली जात नाही आणि जाड जागी फॉइल भरून बसतं, दोन्ही एकाच शब्दात होतं.

कागदही बघा. खरबरीत, चित्रकलेच्या कागदासारखा कागद या विषयाला शोभेल हे खरं, पण त्यावर केसरेघ तुटक येते.

रानजाई
बापरे. मुखपृष्ठ गडद हिरवं आणि अक्षर पांढरं असंच ठरवलं होतं. आता उलटं करते, पांढऱ्यावर हिरवं. नावं इटॅलिकमध्ये लावून पाहिली, फरक जमीन-अस्मानाचा आहे. हिरवा चाफा, ते गुणाकाराचं चिन्ह तीन ठिकाणी एक्स टाइप केलेलं सापडलं, मूळ यादीतच तसं होतं.

अजून एक. शीर्षक पानाच्या रुंदीला पुरत नाहीये, तर अक्षरांमधलं अंतर वाढवून ताणू का?

कर्निंगकर
नको!!! जोड तुटतात. प्रत्येक अक्षराच्या शेवटी लोंबती शेपटी आणि पुढे फट. स्क्रिप्टला ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं हे वाढीव अंतर, नेहमी शून्य. रुंदी भरायची तर आकार वाढवा, नाहीतर पहिल्या किंवा शेवटच्या अक्षराचं लांब शेपटीचं रूप फाँटमध्ये आहे का बघा. ग्लिफ्स पॅनल, म्हणजे फाँटमधल्या सगळ्या आकृत्यांची यादी, उघडलंत की सापडेल. तेही एकाच ठिकाणी. प्रत्येक अक्षराला झुपका लावला तर जत्रा होते.

वेबवर करणाऱ्यांसाठी: साइटच्या थीममध्ये शीर्षकांना लेटर-स्पेसिंग आधीच लावलेलं असतं, ते शून्य करा. ते शून्य नसेल तर ब्राउझर लिगेचर, म्हणजे दोन अक्षरांची मिळून एक आकृती, हेही बंद करतो. आणि लांब शेपट्या चौकटीबाहेर जातात, चौकटीबाहेरचा भाग (ओव्हरफ्लो) लपवला असेल तर अर्ध्या कापल्या जातात. झापफिनो तर बदनामच आहे यासाठी.

कटरवाली
विनाइलबद्दल. स्क्रिप्टमध्ये अक्षरं नुसती शेजारी नसतात, एकमेकांवर थोडी चढलेली असतात. पडद्यावर काळ्यावर काळं असल्याने दिसत नाही. कटरला मात्र प्रत्येक अक्षराची स्वतंत्र बाह्यरेषा दिसते, आणि तो जोडाच्या मधोमध दोनदा पातं फिरवतो. विनाइल सोलताना प्रत्येक जोडाला तुकडा निघतो.

आधी फाँटच्या सगळ्या सोयी चालू करून शब्द हवा तसा लावा. मग आउटलाइन करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनवा, मग सगळे आकार एकत्र वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच आकार करा. इलस्ट्रेटरमध्ये युनाइट, इंकस्केपमध्ये युनियन. हा क्रम उलटा चालत नाही, कारण आउटलाइन झाल्यावर अक्षर अक्षर राहत नाही. वेल्ड करून झालं की आउटलाइन व्ह्यूमध्ये एकदा बघा, जोडाच्या आत एकही रेघ दिसायला नको. आणि ई, ओ, ए यांच्या पोटातली भोकं बुजली नाहीत ना तेही तपासा.

भिंतीवर केसरेघ जाड लागते. आकार मोठा असल्याने ती तशी होतेच, पण लावताना बारीक फाटा टेपबरोबर उठून येतो. सगळ्या आकाराची कड थोडी बाहेर सरकवून जाडी वाढवली तर लावणारा दुवा देईल.

मूषकराज
एवढा खटाटोप कशाला? मी तर एका साइटवर मजकूर टाकतो, वळणदार अक्षरं मिळतात, ती कॉपी करून पोस्टमध्ये चिकटवतो. फाँट लागतच नाही.

श्रवणवाचक
मूषकराज, मी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर, वापरतो. तुम्ही चिकटवलेलं ते फाँट नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या सगळ्या लिप्यांच्या सामाईक यादीत, गणितासाठी ठेवलेली वेगळी चिन्हं आहेत ती, २००१ पासून. सूत्रातलं वळणदार एच आणि साधं एच यांचा अर्थ वेगळा असतो म्हणून त्यांना स्वतंत्र जागा दिली. तुमचं 'हॅलो' मला कधी 'मॅथेमॅटिकल बोल्ड स्क्रिप्ट कॅपिटल एच' असं एकेक अक्षर करत ऐकू येतं, कधी नुसतीच शांतता. शोधातही ते शब्द अनेकदा सापडत नाहीत. खऱ्या फाँटमध्ये अक्षर एचच राहतं, फक्त कपडे बदलतात, त्यामुळे मला काहीच अडचण नाही. रानजाईंनी पुस्तिकेची पीडीएफ काढली तर मजकुराचे आउटलाइन करू नयेत, फक्त मुखपृष्ठाचं शीर्षक केलं आणि त्याला पर्यायी मजकूर दिला की पुरे.

मूषकराज
हे माहीत नव्हतं. बंद.

चिमणचारा
अवांतर: देवनागरीत असे तलम, वळणदार फाँट इतके कमी का?

खिळेजुळारी
कष्ट. जोडाक्षरं आणि मात्रा धरून शेकड्यांनी आकृत्या काढाव्या लागतात, आणि स्क्रिप्ट म्हटलं की त्यातल्या कित्येकांची दोन-तीन रूपं. शिवाय इंग्रजी कर्सिव्हमध्ये अक्षरं खालून जोडत जातात. आपल्याकडे जोडायचं काम वर शिरोरेषेने आधीच करून ठेवलंय, म्हणजे वळणाची गंमत रेघेखालीच करायची. हस्ताक्षरी म्हणून 'कलम' बरा आहे, देवनागरी आणि लॅटिन दोन्ही आहेत त्यात. पण तो रोजच्या पेनाने लिहिल्यासारखा, नटवा नाही. हात न उचलता लिहायची खरी लिपी मोडी. ती युनिकोडमध्ये २०१४ साली आली. आता वाचणारे आणा.

शाईचा डाग
मोडीवर वेगळा धागा काढा, इथे काढलात तर रानजाईंचं प्रदर्शन उरकून जाईल.

ऑफसेटवाला
रानजाई, लायसन्स बघितलंत का? ग्रेट व्हाइब्स, अल्युरा, पिन्यन स्क्रिप्ट हे गूगल फाँट्सवरचे, ओपन फाँट लायसन्सखालचे. छापा, विका, लोगोत वापरा, हरकत नाही, नुसता फाँटच विकायचा नाही एवढंच. पण इकडेतिकडे फुकट मिळणाऱ्या पुष्कळ स्क्रिप्ट फाँटांवर 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असं लिहिलेलं असतं. अशा नमुना फाँटांत आकडे किंवा विरामचिन्हंही कधी कधी नसतात. तुमची पुस्तिका विक्रीला असेल तर हे महत्त्वाचं.

रानजाई
विक्रीला आहे, आणि फाँट गूगलवरूनच घेतलाय. सुटले.

आताची स्थिती: मुखपृष्ठावर तीन शब्द स्क्रिप्टमध्ये, पांढऱ्यावर गडद हिरवे, एका शाईत. आत नावं इटॅलिक, वर्णन सरळ. विभागांची नावं स्क्रिप्टमध्ये ठेवलीत, टाकबोरूंच्या हिशेबात बसतात. विनाइलचं शीर्षक वेल्ड करून पाहिलं, डब्ल्यूपाशी एक रेघ राहिली होती, ती काढली.

एकच पेच उरलाय. उद्घाटन करणाऱ्या पाहुण्यांचं नाव पहिल्या पानावर याच फाँटमध्ये, पण 'उठून दिसावं म्हणून' सगळं कॅपिटलमध्ये हवंय असा निरोप आलाय.

उभीरेघ
स्क्रिप्टची कॅपिटल अक्षरं एकेकटी उभी राहायला काढलेली असतात, प्रत्येकीला आपला पिसारा. पाच-सहा शेजारी आली की ना जोड, ना वाचन. नाव गॅरामाँडच्या स्मॉल कॅप्समध्ये, म्हणजे लहान उंचीच्या कॅपिटल अक्षरांत, लावा, अंतर थोडं वाढवून. तिथे अंतर वाढवलेलं चालतं, उलट शोभतं. भारदस्त दिसेल आणि पाहुण्यांना कॅपिटलही मिळतील.

पळपुटा पेंटर
नाहीतर तो नमुना छापून पाहुण्यांनाच वाचायला द्या. स्वतःचं नाव ओळखलं तर ठेवा.

टाकबोरू
मी हे एकदा करून पाहिलंय. त्यांनी ओळखलं, आणि म्हणाले, सुंदर, अजून थोडं मोठं करा.